आईच्या गावात मी नव्हते

आमच्या घरात चित्र काढणारी मी एकटी होते आणि ही गोष्ट घरादाराने मान्य केलेली होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांत मला ए ग्रेड मिळाली होती. ती प्रमाणपत्रं पप्पांनी फ्रेम करून टीव्हीच्या बरोबर वर लावली होती, त्यामुळे टीव्ही बघणाऱ्या माणसाला ती बघावीच लागत. पाहुणे आले की आई म्हणायची, "आमच्या वैशूचा हात लय साफ हाये," आणि मी वही आणायला आत निघालेली असायचे, कोणी मागितली नसली तरी. आईच्या हाताला काय येतं, हा प्रश्न आमच्याकडे कधी कोणाला पडला नाही. मलाही नाही. आईचे हात पिठात, पाण्यात नाहीतर सोऱ्याच्या मुठीवर असायचे आणि ते तिथेच असणार, हे मी धरून चालले होते.

मोताळ्याला बस स्टँडच्या मागे आमच्या तीन खोल्या होत्या. पप्पा स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायचे. तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू यायचा, म्हणून पप्पा दिवसभर घरात नसूनही असल्यासारखे वाटायचे. "नांदुरा मार्गे जळगाव जामोदकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे" हे वाक्य मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. आई घड्याळ बघत नसे. मलकापूरची गाडी पुकारली की कुकर, बुलडाण्याची पुकारली की भाकरीचा तवा. उन्हाळ्यात या सगळ्यावर कूलरची घरघर असायची, त्यात लावलेल्या वाळ्याचा ओला वास असायचा, आणि आठ दिवसांनी नळ आला की गल्लीभर भांड्यांची पळापळ. उन्हाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की आई फुणके करायची. भिजलेली तुरीची डाळ जाडसर वाटून, त्यात लसूण-मिरची घालून मुठीत वळायचे, वाफवायचे आणि कढीत कुस्करून खायचे. पप्पा चौदा-पंधरा फुणके खायचे आणि मग म्हणायचे, आज भूक नाही. हे लिहिताना लक्षात येतं की त्या फुणक्यांची चव मला जिभेवर आणता येते, पण ते वळताना आईचा चेहरा कसा दिसायचा, ते आठवत नाही. मी तेव्हा बघितलाच नसेल.

माझी अकरावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात गार्गी मॅडम आल्या. त्या पुण्याकडच्या चित्रकार होत्या, पण त्यांच्याजवळ ना कुंचला होता ना रंगपेटी. त्या गावोगाव जाऊन लोकांकडून एकच काम करून घ्यायच्या. एक मोठी जमीन घ्यायची आणि गावातल्या माणसांनी मिळून तिच्यावर उद्याचं गाव रचायचं. गावाबाहेर कापसातली सरकी काढायचं एक जिन होतं, कापसाचा हंगाम संपला की बंद असायचं. त्याच्या मालकांनी पंधरा दिवसांसाठी शेड वापरायला दिली. मॅडमनी खडूने फरशीवर चौकोन आखले, चार-चार हातांचे, आणि आलेल्या प्रत्येकाला एक दिला. सामान म्हणजे आपल्या घरी असेल ते. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, माती, चिंध्या, पुठ्ठे, तेलाचे रिकामे डबे.

"तुम्हाला जिथे राहायला आवडेल असं गाव करायचं," मॅडम म्हणाल्या. "शक्य आहे की नाही, कोण मंजूर करणार, हे काही बघायचं नाही. नियम दोनच. दुसऱ्याच्या गावाला हसायचं नाही. आणि दुसऱ्याच्या जागेतली कोणतीही वस्तू त्याला विचारल्याशिवाय हलवायची नाही."

पहिल्या दिवशी आम्ही वीस-बावीस जण होतो, बहुतेक शाळा-कॉलेजची मुलं. सकाळी सात ते अकरा. त्यानंतर पत्रा इतका तापायचा की आत थांबणं शक्य नसायचं. मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की हे सगळं माझ्यासाठी आहे. मॅडमना चित्रातलं कळतं, आणि मोताळ्यात चित्रातलं येणारी मी आहे, तेव्हा आमची भेट होणं लिहिलेलंच असणार. मी थर्माकोलच्या वीस मजली इमारती केल्या, त्यांना निळ्या जिलेटिन कागदाच्या खिडक्या लावल्या. दोन इमारतींच्या मधून जाणारी आगगाडी केली, आकाशातून जाणारी. तीन दिवस मोजपट्टी घेऊन खपले. फोनवर बघून बघून एकेक कोपरा नव्वद अंशात आणला. मॅडम आल्या, वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, "छान." थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, "यात माणसं कुठे आहेत?"

मी म्हटलं, "शेवटी करणार आहे."

"हो का," असं म्हणून त्या पुढच्या चौकोनाकडे गेल्या. तिथे एका मुलीने चिखलाचा एक बेडौल डोंगर केला होता आणि त्यावर एक शेळी. मॅडम तिथे पंधरा मिनिटं बसल्या. पुढे मी शाळेत चित्रकला शिकवली. कोणत्याही मुलाच्या वहीवर मी "छान" असा शेरा कधी लिहिला नाही. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. तो शब्द मला लागलेला होता, एवढंच.

चौथ्या दिवशी आई मला बोलवायला आली. घरी गव्हाचा चीक शिजवून तयार होता आणि कुरडया घालायला दोन माणसं लागायची, एकाने सोऱ्या दाबायचा आणि एकाने खाली प्लास्टिक सरकवायचं. ती गाऊनवरच आली होती, खांद्यावरून ओढणी घेतलेली, मनगटापर्यंत चीक वाळलेला. मला तिला तिथे बघून लाज वाटली. मी मॅडमशी "मले-तुले" टाळून "मला-तुला" असं जपून बोलायचे, आणि आई दारातूनच म्हणाली, "वैशू, चाल ना वं, चीक थंडा होऊन राह्यला."

मॅडम म्हणाल्या, "आलाच आहात तर बसा ना थोडं. तुम्हालाही एक जागा देऊ."

"मले नाई येत असं काई," आई म्हणाली. "हे पोट्टीचं काम हाये."

"येत काहीच नाही लागत. तुम्हाला कुठे राहायला आवडेल, एवढंच."

आईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून फेविकॉलचं झाकण लावत राहिले. मला वाटलं ती हसून टाळेल आणि आम्ही जाऊ. पण ती ओढणी कमरेला खोचून खाली बसली आणि ओल्या मातीच्या टोपल्यात तिने दोन्ही हात घातले.

अर्ध्या-पाऊण तासात तिने दोन घरं केली. धाब्याची, सपाट माळवदाची, जशी तिच्या माहेरी डोणगावकडे जुन्या वस्तीत असायची. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. पुढे एक लांब ओटा. मग तिने चिंध्यांच्या ढिगातून निवडून दोन तुकडे काढले, एक निळा आणि एक चॉकलेटी, त्यांत कापूस भरला, दोऱ्याने माना आवळल्या आणि दोन बाहुल्या ओट्यावर बसवल्या. पाय खाली लोंबते सोडले. नाक-डोळे काही नव्हते. पण एकीची मान दुसरीकडे अशी वळलेली होती की ती काहीतरी सांगते आहे हे लांबून कळायचं. मला मोजपट्टी घेऊन ती मान तशी वळवता आली नसती. हे मला तिथल्या तिथे कळलं होतं.

मॅडम तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. "या कोण?"

"ही मी. अन ही कुसुम."

"कुसुम कोण?"

"माही जोडीदारीण. पाचवीपासून एका बाकावर होतो आमी."

"आता कुठे असतात त्या?"

"तिकडं संग्रामपूरकडं देल्ली तिले. मले इकडं देल्लं. तिचे मायबाप मंग गाव सोडून गेले. कोन्या गावात हाये, कोनाच्या घरी हाये, काई मालूम नाही." आईने बोटं दुमडून मोजलं. "एकोनीस वर्सं झाले पाह्यली त्याले."

"म्हणजे तुमच्या गावात कुसुम शेजारी राहते."

"हाव. भिंतीले भिंत."

"आणि दोघी दिवसभर काय करता?"

आईने थोडा विचार केला. "काई नाई. पाय हालवतो."

कोणी हसलं नाही. तसा नियमच होता, पण नियम नसता तरी कोणी हसलं नसतं. मॅडमनी हळूच फोन काढून आईचं बोलणं रेकॉर्ड केलं. "परत म्हणा ना," त्या म्हणाल्या, "किती गोड बोलता तुम्ही." आमच्याकडे बायाही "मी जातो, मी येतो" असंच म्हणतात. मॅडमना त्याचं फार अप्रूप वाटलं. मी तीन वर्षं घासून घासून ते बोलणं जिभेवरून काढलं होतं, आणि जिच्यासारख्या बायांसाठी काढलं असं मला वाटत होतं, ती आईपुढे बसून म्हणत होती, परत म्हणा.

कुरडयांचा चीक त्या दिवशी खरंच थंड होऊन बसला. त्या वर्षी कुरडया निम्म्याच झाल्या.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याआधी तयार होती. गल्लीतल्या दोघी-तिघी तिच्याबरोबर आल्या, नंतर आठ-दहा, आणि मग सकाळची शेड बायांनीच भरू लागली. सगळ्यांना एकच हवं होतं. आईच्या घराला लागून जागा, आणि त्या जागेत आपली जोडीदारीण. एक म्हणायची माझी सुमन, खामगावला असते, तिला इथे ठेवा. दुसरी म्हणायची माझी मोठी बहीण, ती वारली, पण इथे चालते ना. मॅडम म्हणाल्या, चालते. सात-आठ दिवसांत आईच्या त्या दोन घरांना पुढे-मागे इतकी घरं चिकटली की माझ्या थर्माकोलच्या इमारती त्या वस्तीच्या कोपऱ्यात टाकीसारख्या दिसू लागल्या. काही बाया तिथेच ओट्यावर बसल्यासारख्या फरशीवर बसून बोलत राहायच्या. मी त्या बायांना रोज बघत होते, नळावर, बाजारात, लग्नात. त्यांना असं काम नसताना बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

आणि मॅडम तर आईलाच विचारायच्या. इथे रस्ता घ्यायचा का, शोभाताई? विहीर कोणाच्या बाजूला? शोभाताईंना विचारा. आईला मोताळ्यात कोणी शोभाताई म्हणत नसे, ती वैशूची आई होती, कंट्रोलर साहेबांच्या घरची होती. घरी आल्यावर ती गुणगुणायची. जेवायला वाढताना मध्येच सांगायची, कुसुम चिंचा चोरताना पकडली गेली तर रडायच्या ऐवजी कशी हसायची, कुसुमला गणित कसं यायचं, कुसुमने शाळेच्या गॅदरिंगला कसं मिशा लावून काम केलं. मी ताटात बघून जेवायचे. मला त्या कुसुमचा राग यायचा. तिने आईला माझ्याआधी बघितलं होतं, मला कधीच बघायला न मिळालेल्या वयात. आणि त्याहून जास्त राग आईचा यायचा, कारण ती न शिकता, न खपता, गाऊनवर येऊन बसून माझी जागा घेऊन गेली होती. कोणती जागा ती मला नेमकी सांगता आली नसती. तरी ती गेली होती हे नक्की.

पप्पांनाही लोक सोडत नव्हते. स्टँडवर पानवाला त्यांना म्हणाला, "सायेब, वैनीच्या गावात तुमचं घर कुठी हाये?" पप्पांनी घरी येऊन ते सांगितलं, हसत, पण पुन्हा पुन्हा सांगितलं.

"नाई ना तिथी," आई म्हणाली. "तुमाले कायले लागते? तुमी तं दिवसभर स्टँडवरच असता."

त्या दिवशी पप्पांनी भूक नाही म्हटलं आणि खरंच जेवले नाहीत.

अकराव्या दिवशी सगळे घरी गेल्यावर मी पट्टी विसरल्याचं सांगून परत शेडमध्ये गेले. दाराला कुलूप नसायचंच. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे त्या वस्तीवर पडले होते. मी आईच्या ओट्यापाशी उकिडवी बसले. मी दोन्ही बाहुल्या नीट बघितल्या, आणि पहिल्यांदा स्वतःला कबूल केलं की त्या सुंदर आहेत. मग चॉकलेटी, कुसुमची बाहुली उचलली. ती ओट्याला चिकटवलेली नव्हती, नुसती बसवली होती. मागच्या दाराने बाहेर पडून मी ती कोरड्या नाल्यातल्या बाभळीच्या काटवनात लांब फेकली. परत फिरताना मला धाप लागली होती, जणू फार मोठं काहीतरी उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी आईने ते दारातूनच बघितलं. ती एकट्या उरलेल्या निळ्या बाहुलीजवळ जाऊन बसली. मॅडमनी सगळ्यांना गोल बसवून विचारलं. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. "ज्याने घेतली असेल त्याने आणून द्यावी. मी कोण ते विचारणार नाही."

मग एक बाई चाचरत म्हणाली, "काल दुपारी कंट्रोलर सायेब येऊन गेले इथी. मी शेरडं नेत होतो, तवा पाह्यलं."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईने पदर नसताना पदर सारखा केल्यासारखा हात फिरवला आणि म्हणाली, "राहू द्या मॅडम. चिंधीच तं होती."

बोलायला एक क्षण होता, तो मी जाऊ दिला, आणि मग दुसरा सोपा क्षण आलाच नाही.

घरात दोन दिवस आई पप्पांशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि आत जायची. पप्पांनी एकदा विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काई नाई झालं." मलकापूरची गाडी पुकारली जायची, कुकर लागायचा नाही. स्पीकरवरचा पप्पांचा आवाज ऐकू आला की आई स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. ती खिडकी लावल्याचा आवाज मी अभ्यासाच्या टेबलाशी बसून ऐकायचे. आईला माझा संशयही आला नाही, हे मला आधी बरं वाटलं आणि मग सहन होईना. तिच्या मनात माझं एवढंही नव्हतं, असं मला वाटलं. मत्सराला किती विचित्र फाटे फुटतात ते मला त्या वयात समजलं. मला तिने माझ्यावर संशय घ्यायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती फुणके वळत बसली होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. "आई, ती बाहुली पप्पांनी नाही टाकली. मी टाकली."

तिचा हात मुठीत डाळ धरून थांबला. "तू?"

"हो."

"काऊन?"

मी खूप काही ठरवून आले होते. तोंडातून एवढंच आलं, "तुझ्या गावात मी नव्हते."

मला वाटलं होतं आता ती हात पुसेल, जवळ घेईल, असं कसं गं म्हणेल. आईने तसं काही केलं नाही. "नव्हती," ती म्हणाली. "कशी असशील? मी पंधराची होतो तिथी."

"पण मॅडमनी पुढचं गाव करायला सांगितलं होतं. मागचं नाही."

मुठीतला फुणका वळून आईने चाळणीत ठेवला, दुसरा घेतला. "मले चांगलं पुढचं म्हटलं का तेच दिसलं," ती म्हणाली. "मी काय करू त्याले. तुही आठवण नाई आली मले तवा. तू तं घरीच हाये ना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अन तुह्या त्या काचेच्या बिल्डिंगीत कोन राह्यते वं?"

"कोणीच नाही."

"मंग. मी काई म्हटलं का तुले?"

मला रडू आलं. ती उठली नाही. आणखी चार फुणके वळून झाल्यावर म्हणाली, "पप्पाले तूच सांगजो. मी दोन दिवस त्याहिले फुकट बोल लावला. डबा घेऊन जाय अन सांग."

कंट्रोलरच्या खोलीत मी त्याआधीही गेले होते, पण त्या संध्याकाळी ती फार लहान वाटली. पप्पांनी एक गाडी पुकारली, माइक बंद केला आणि डबा उघडला. मी एका दमात सांगून टाकलं. ते ऐकत राहिले आणि फुणका कढीत कुस्करत राहिले, खाल्ला मात्र नाही.

"बरं झालं सांगतलं," ते म्हणाले. "दोन दिवस झाले, स्टँडवर लोकायचं ऐकून ऐकून मलेच वाटून राह्यलं होतं का म्याच टाकली का काय."

"पण तुम्ही गेला होतात ना तिथे?"

"गेल्तो. मनात आलं, पाहावं तरी कसं गाव हाये ते. जाताना तं दोन्ही उचलून फेकाव्या असं बी आलं मनात, खोटं कायले बोलू." त्यांनी बाहेर फलाटाकडे बघितलं. "पण मी गेलो तवा तिथी एकच होती. ओट्यावर एकटी, पाय सोडून बसलेली. मले वाटलं, तुह्या मायनं सोतालेच एकटं बसोलं. मले नाई पाह्यवलं. निंगून आलो."

पप्पांना मी त्याआधी कधी इतकं लांब बोलताना ऐकलं नव्हतं, गाडीचं नाव नसलेलं. ते जेवले. डबा मी रिकामा घेऊन आले.

पंधराव्या दिवशी गावाने ते गाव येऊन बघितलं. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतलीही माणसं आली, भाजीच्या पिशव्या घेऊनच. आईने कुसुमची दुसरी बाहुली केली नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाली, राहू द्या. मीही माझ्या इमारतींत माणसं केली नाहीत. मॅडम निघताना सगळ्यांचा निरोप घेऊन गेल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चित्र सोडू नको." आईच्या मात्र त्या गळ्यात पडल्या. नंतर जिनवाल्याला जागा मोकळी हवी होती. माती नाल्यात गेली, पऱ्हाट्या-तुराट्या बायांनी जळणाला घरी नेल्या, माझं थर्माकोल कोणालाच नको होतं.

पप्पांनी काय चालवलं होतं ते आम्हाला आठ-दहा दिवसांनी कळलं. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला ते एकच निरोप देत होते. कुसुम नावाची बाई, माहेर डोणगावकडचं, वय चाळिशीच्या आत, लग्न एकोणीस-वीस वर्षांपूर्वीचं, गणितात हुशार. हे शेवटचं त्यांनी का सांगितलं देव जाणे, पण कंडक्टर लोकांनी तेही जसंच्या तसं गावोगाव पोचवलं. पहिल्यांदा एक भलतीच कुसुम सापडली. दुसऱ्या वेळी एका कंडक्टरने तिकिटाच्या मागे लिहिलेला फोन नंबर आणून दिला. सातपुड्याच्या पायथ्याचं खेडं होतं, संग्रामपूरहून पुढे. पप्पांनी तो कागद आईच्या पोळपाटावर ठेवला आणि म्हणाले, "पाहा बरं लागते का." आणि ड्युटीवर निघून गेले.

आईने तो नंबर संध्याकाळपर्यंत लावला नाही. कागदाकडे बघायची आणि काम करायची. शेवटी मीच म्हटलं, मी लावून देऊ का. तिने मान हलवली. मी नंबर लावला, तिच्या हातात फोन दिला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले, पण दार लोटलं नाही.

आधी आई नुसती "हालो" म्हणत राहिली. मग म्हणाली, "मी शोभा. अवं, शोभा." मग तिने एक असा आवाज काढला की मी दचकून उठले. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. त्या हसण्यात तिचं वय नव्हतं, मी नव्हते, पप्पा नव्हते. सतरा वर्षं एका घरात राहून मी ते हसणं ऐकलेलं नव्हतं. मला ती बाहुली पुन्हा फेकावीशी वाटली. कबुली देऊन, रडून, माफी मिळून माझा मत्सर गेला असेल असं मी समजत होते. तो कुठेही गेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आई गेली, दोन दिवसांसाठी. लग्नानंतर आमच्यापैकी कोणालाही न घेता ती कुठे गेली असेल तर ही पहिली वेळ. पप्पांनी तिची गाडी स्वतः पुकारली. मी खिडकीशी उभी राहून ऐकलं. रोजच्याच शब्दांत पुकारली, फक्त दोनदा पुकारली.

दोन दिवस आम्ही कसेबसे काढले. माझ्या भाकरी तव्यावर टाकताना तुटायच्या. पप्पा तुकडे कढीत बुडवून खायचे आणि चांगल्या झाल्या म्हणायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, तेव्हा फोन आला.

"वैशू, जेवले का तुमी?"

"हो."

"ऐक ना." मागे भांड्यांचा आणि बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता. "आनखी दोन दिवस राहू का मी?"

तिने ते मला विचारलं होतं. पप्पांना नाही. माझ्याजवळ कारणं तयार होती आणि सगळी खरी होती. उद्या नळ येणार होता. पप्पांना ॲसिडिटी झाली होती. मला एकटीला करमत नव्हतं. मी नुसतं करमत नाही म्हटलं असतं तर ती संध्याकाळच्या गाडीने आली असती, हे मला माहीत होतं, आणि तिलाही.

"राहा," मी म्हटलं. "चार दिवस राहा. आम्ही करतो इकडचं."

"नक्की?"

"नक्की."

ती बरं म्हणाली, पण फोन बंद करायला विसरली. तिकडे कोणीतरी तिला "शोभे" म्हणून हाक मारली, काहीतरी म्हणालं, आणि आई पुन्हा तशी हसली. मी फोन कानाला लावून उभी राहिले. बंद करायला हवा होता, मला ते कळत होतं. तिकडून कोणाच्या तरी लक्षात येऊन तो बंद होईपर्यंत मी ऐकत राहिले.